रात्री बाबांना बांबोळीला नेताना वेगाचा तालांव (दंडाचं चलन) आला, भरावा की अर्ज द्यावा?

पेडण्याहून
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात रात्री दीडच्या सुमारास बाबांच्या छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम, डावा हात घट्ट धरून बसले होते, तोंडातून शब्द फुटेना. दारात भावोजींची गाडी होती, तीच काढून मी चालवायला बसलो. आई मागे बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, अटल सेतू, मेरशी करत थेट बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठलं. हार्ट अटॅक निघाला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. आता बाबा घरी आहेत, अंगणात फिरतात.

काल भावोजींच्या मोबाईलवर चलनाचा मेसेज आला. वेग ८९, मर्यादा ६०. भावोजी म्हणतात, ‘मी भरून टाकतो, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस.’ माणूस सोन्यासारखा आहे, म्हणूनच हे त्यांच्या नावावर चढलेलं मला सहन होत नाही. जिवावर बेतलेल्या माणसाला नेत होतो, याला कायद्यात काही किंमत आहे का? आणि भावोजींच्या लायसनला काही होईल का?

मांडवीकाठ
वडील बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. आधी मेसेज खरा आहे का ते बघा. त्यातली लिंक दाबू नका. व्हॉट्सअॅपवर आरटीओच्या नावाने एपीके फाइल (मोबाईलमध्ये अॅप घुसवणारी) पाठवून लोकांची खाती रिकामी करतात. परिवहनच्या सरकारी ई-चलन साइटवर स्वतः जा आणि गाडीचा नंबर टाकून तपासा. चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे मागतात, ते आरसी बुकावर मिळतील. खरं निघालं तर मी तरी भरून मोकळा होईन. वडील वाचले, आणखी काय हवं?

कारकून_म्हापसा
मी वकिलांकडे कारकून आहे. बसवाल्यांचे आणि रेंट-अ-कॅबवाल्यांचे तालांव रोज हाताखालून जातात. लिंकबद्दल वर लिहिलंय ते अगदी बरोबर, पण लगेच भरायला मात्र सांगू नका. तालांव भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड. पैसे गेले की प्रकरण तिथेच मिटलं, मागाहून इस्पितळाचे कागद नेऊन उपयोग नाही. म्हणून आधी अर्ज, नंतर पैसे.

खोटी आशा दाखवत नाही. वेगाची सूट अग्निशामक, रुग्णवाहिका अशा वाहनांना असते, घरच्या गाडीला नाही, आत पेशंट असला तरी. पण मोठं नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना केलेल्या कृत्याचा विचार भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये आहे. जुन्या भादंविचं ते कलम ८१. प्रकरण कोर्टात गेलं तर वकील त्यावर बोट ठेवू शकतो. तिथपर्यंत न जाता वाहतूक पोलिसांना लेखी विनंती करणं हा तुमचा सरळ मार्ग. ऐकायचं की नाही हे त्यांच्या हातात.

अर्जाआधी चलन नीट वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ प्रमाणे कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत निघायला हवी. त्यावर नंबरप्लेटचा स्पष्ट फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि लागू केलेलं कलम हवं. यंत्राचं मान्यता प्रमाणपत्र दर वर्षी नवं करावं लागतं आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक फलक असावा लागतो. तुम्ही ‘मागच्या महिन्यात’ म्हणता, म्हणून तारखा जरूर ताडून बघा. उशीर असेल तर अर्जात तो मुद्दाही घाला, मात्र तेवढ्यानेच चलन आपोआप रद्द होईल असं समजू नका.

आता भावोजी. नोटीस मालकालाच येते, पण गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर सांगणं कलम १३३ ने त्यांना बंधनकारक आहे. तेव्हा तुमचं नाव आणि लायसन नंबर देणारं त्यांचं पत्र जोडा. मला हा मुद्दा पैशापेक्षा मोठा वाटतो. हलक्या वाहनाला कलम १८३ खाली दंड १,००० ते २,००० रुपये (गोव्यात सुधारित दंड १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत), पण दुसऱ्या खेपेला चालकाचं लायसन जप्त करण्याची तरतूद आहे. चालक तुम्ही होता, मग त्याची नोंद त्यांच्या माथी कशाला?

अर्ज एका पानात बसवा. किती वाजता निघालो, कुठून कुठे गेलो, निदान काय झालं, बस्स. ‘कॅमेरा चुकला असेल’ असलं काही लिहू नका. खरं कारण असताना खोट्याचा टेकू घेतला की खऱ्यावरचाही विश्वास उडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रात्रपाळी
मी नर्स आहे. कॅज्युल्टीतल्या पहिल्या केस पेपरवर वेळ असते, त्याची प्रत मागा. ईसीजीच्या पट्टीवरही मशीन तारीख आणि वेळ छापतं. ती पट्टी आजच झेरॉक्स करा. तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, कपाटात ठेवला तरी काही महिन्यांनी रेघा फिकट होतात, आणि प्लास्टिकच्या फोल्डरात तर लवकरच. डिस्चार्ज कार्डावर अँजिओप्लास्टीची तारीख असेल, तेही जोडा.

दादा, एक सांगू? पुन्हा कुणाला अशी कळ आली तर १०८ लावाच. बांबोळीपर्यंत थांबायचीही गरज नसते. गोव्यात स्टेमी (हार्ट अटॅकचा एक गंभीर प्रकार) प्रकल्प आहे, त्यात जवळच्या सरकारी इस्पितळात ईसीजी काढून तो गोमेकॉच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवतात आणि रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात. मग पेशंट रुग्णवाहिकेतून पुढे जातो, सोबत ऑक्सिजन आणि शॉक देणारं मशीन असतं. गाडीत मागच्या सीटवर हृदय थांबलं तर आई काय करणार? हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पेडण्याहून
सगळ्यांचे मनापासून आभार. साइटवर पाहिलं, चलन खरं आहे. ईसीजीची पट्टी फोल्डरातच होती, आत्ताच झेरॉक्स करून आणली. भावोजी पत्र द्यायला तयार आहेत, लायसनचं ऐकल्यावर तेही जरा विचारात पडले. सोमवारी बाबांना तपासणीला न्यायचंय, तेव्हाच केस पेपरची प्रत मागतो. अर्जाचा मसुदा रात्री इथे टाकेन. कारकूनबाब, कुठे शब्द कमीजास्त झाला तर सांगा.