अनुभव धागा : संशोधनात टिकून राहताना

नकार, अडकलेली फेलोशिप, फसलेले प्रयोग सगळ्यांच्याच वाट्याला येतात. बोलतं मात्र कुणी नाही. तुम्हाला नेमकं कशानं तारलं, ते इथे लिहा. नुसतं 'सकारात्मक राहा' नको. काय केलंत, कुणाची मदत झाली, ते सांगा.

पीएच.डी., वनस्पतिशास्त्र
जानेवारी २०२३पासून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) महिना ३७,००० रुपये झाली. आमच्याकडे ती महिनोन्‌महिने थकते आणि मग एकदम जमा होते. खोलीचं भाडं, मेसचे पैसे थांबत नाहीत. म्हणून हॉस्टेलवर आम्ही भिशी सुरू केली. ज्याची फेलोशिप अडली, त्याला उचल आधी. घरी पैसे मागावे लागत नाहीत, त्यामुळे प्रयोगात डोकं लागतं. चिवटपणा वगैरे नंतर, आधी भाडं.

पोस्टडॉक, जर्मनी
शोधनिबंधावर परीक्षकांचे आक्षेप आले, की तो रिव्ह्यू एकदा वाचते आणि फाईल बंद करते. राग ओसरला की तक्ता : डावीकडे आक्षेप, उजवीकडे उत्तर. आमच्या गटात नकाराची पत्रं बैठकीत वाचतात, प्राध्यापकांचीसुद्धा. नव्या मुलांवर त्याचा फार चांगला परिणाम होतो.

निवृत्त प्राध्यापिका, रसायनशास्त्र
एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञ कॅटलिन कारिको यांचं उदाहरण सर्रास देतात : १९९५मध्ये विद्यापीठात पदावनती, २०२३मध्ये नोबेल. मला ते असं अर्धंच सांगितलेलं आवडत नाही. सोसत राहा, फळ मिळेल, असा अर्थ मुलं काढतात, आणि मग आजारी पडेपर्यंत सोसतात. फोटोकॉपी मशीनपाशी ओळख झालेले ड्रू वाइसमन त्यांच्या सोबतीला होते. एमआरएनएवरच्या २००५च्या महत्त्वाच्या शोधनिबंधावर दोघांची नावं आहेत, नोबेलही दोघांना मिळालं. एकट्यानं तग धरण्याची ती गोष्टच नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच वर्षी विचारत असे, "माझ्याशी बिनसलं तर कुणाकडे जाशील?" नाव सांगता आलं नाही, तर दुसऱ्या विभागातलं कुणीतरी आम्ही मिळून शोधायचो. गाईडनं हे स्वतःहून करायला हवं. विद्यार्थी कधीच विचारणार नाही.

पीएच.डी. सोडलेला, भौतिकशास्त्र
माझाही अनुभव इथलाच मानतो. झोप उडाली होती. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर पहिल्यांदा बोललो, मग समुपदेशकांकडे जात राहिलो. सोडायचं ठरलं ते शांतपणे, रागाच्या भरात नाही. डेटा आणि नोंदवह्या नीट लावून धाकट्या सहकारी मुलीकडे सोपवल्या. तिच्या पेपरात माझंही नाव आहे. आता अकरावी-बारावीला शिकवतो, आणि प्रॅक्टिकलचा तास मला सगळ्यात जास्त आवडतो.