मदत हवी आहे: लिस्बनमध्ये निवांत खरेदीचा एक दिवस, पण पायी उतार टाळून

नमस्कार.

येत्या एप्रिलमध्ये आईसोबत पोर्तुगालला जाणे होत असून लिस्बनमधला एक मंगळवार आम्ही मोकळा ठेवला आहे. प्रेक्षणीय स्थळे आधीच्या दोन दिवसांत उरकावीत आणि हा दिवस फक्त खरेदीला द्यावा, घाई न करता दुकाने पाहावीत, दमल्यावर कॉफी घेत बसावे, असा आईचा आग्रह आहे. अडचण आहे ती शहराच्या टेकड्यांची. ‘ट्रामने वर जा आणि पायी उतरत या’ असा सल्ला बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतो. परंतु आईच्या गुडघ्यांची झीज झालेली असल्यामुळे तिला चढण्यापेक्षा उतरणेच जड जाते. सपाटीवर ती मला मागे टाकील. शिवाय तिथले पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे, पायांखाली झिजून गुळगुळीत झालेले आहेत, त्यामुळे पाऊस आलाच तर उतार टाळणे भागच पडेल.

सकाळी काम्पो द सांता क्लारा येथील फेइरा दा लाद्रा या जुन्या बाजारात जावे, असे ठरवले आहे. तो मंगळवारी आणि शनिवारीच भरतो, म्हणून तर हा वार निवडला. आईचे माहेर पणजीचे. फोंतेन्यासमधल्या घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या टाइल्स तिने लहानपणापासून पाहिल्या आहेत आणि तशी नवी टाइल पणजीतही मिळते, तेव्हा लिस्बनहून न्यायची तर जुनीच, असे तिचे म्हणणे आहे. मला मात्र इथे शंका वाटते. लिस्बनमध्ये जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवरून टाइल्स उपटून विकण्याचे प्रकार इतके वाढले होते, की २००७ मध्ये तिथल्या न्यायिक पोलिसांच्या संग्रहालयाच्या पुढाकाराने ‘एसओएस अझुलेझू’ (अझुलेझू म्हणजे अशी नक्षीदार टाइल) हा उपक्रम सुरू झाला आणि २०१७ मध्ये अशा टाइल्स काढण्यावर निर्बंध घालणारा कायदाही झाला. बाजारात चादरीवर मांडलेल्या ढिगातली, मागे चुन्याचा थर तसाच चिकटलेली टाइल नेमकी कोणत्या भिंतीवरची, हे आपण कसे ओळखायचे? विक्रेत्याकडे पावती मागणे तिथे रीतीला धरून आहे का, की जुन्या वस्तूंच्या दुकानातून बिलासह घेणेच शहाणपणाचे? पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. चोरीचा माल घरी नको.

बाजारातून खाली यायला ७३४ क्रमांकाची बस सांता आपोलोनियापर्यंत येते. तिथून निळ्या मार्गाच्या मेट्रोने बाइशा-शियादो हे दुसरेच स्थानक, आणि त्याच्या सरकत्या जिन्यांनी थेट शियादो या उंचावरच्या भागातल्या चौकात निघता येते. हे जिने अधूनमधून बंद असतात, असे वाचले. तसे झाल्यास आर्माझेंस दू शियादो या व्यापारी संकुलाच्या आतून वर जाता येईल ना? १९८८ च्या आगीनंतर हा भाग पुन्हा उभारला गेला आणि संकुलाला वरच्या व खालच्या अशा दोन्ही रस्त्यांवर दारे आहेत, एवढे मला माहीत आहे. ग्लोरियाची केबल रेल्वे ३ सप्टेंबर २०२५ च्या भीषण अपघातानंतर बंद असल्याने टेकडीवरच्या प्रिंसिपे रियाल भागाकडची दुकाने यादीतून वगळली आहेत.

शियादोत १७३२ पासून चालत आलेले बर्ट्रांड हे पुस्तकांचे दुकान माझ्यासाठी, आणि रुआ दो कार्मोवरचे लुवारिया उलिसेस हे १९२५ चे हातमोज्यांचे दुकान आईसाठी. दुकान कपाटाएवढे आहे. गिऱ्हाइकाने छोट्या उशीवर कोपर टेकवायचे आणि विक्रेत्याने लाकडी चिमट्याने मोज्याची बोटे सैल करून तो हातावर चढवायचा, अशी तिथली पद्धत आहे. पुण्यात कातडी हातमोजे घालायचे कधी, हा प्रश्न मी विचारला नाही.

दुपारनंतर बाइशात उतरायचे. १७५५ च्या भूकंपानंतर आखलेला हा भाग सपाट असून आपल्या तांबट आळी-बोहरी आळीसारखी तिथल्या रस्त्यांना सोनार, चांभार, कापडवाले अशा व्यवसायांची नावे आहेत. रुआ दोस बाकाल्योएइरोसवरच्या कोन्सर्वेइरा द लिझबोआमधून सार्डिन आणि बांगड्याचे डबे घ्यायचे आहेत. ते तेलातले असल्याने हातसामानात अडवतात का?

शेवटचा प्रश्न करपरताव्याचा. युरोपीय संघाबाहेरच्या रहिवाशांना करापूर्वीची किंमत ५० युरोंहून अधिक असल्यास मूल्यवर्धित कर परत मिळतो. आमचे परतीचे विमान फ्रँकफर्टमार्गे असून मोठे सामान लिस्बनहून थेट मुंबईला जाईल. अशा वेळी त्या सामानातल्या वस्तूंची नोंद लिस्बनला आणि हातसामानातल्यांची फ्रँकफर्टला, अशी दोनदा करावी लागते का? अलीकडे या मार्गाने आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना घेऊन कोणी लिस्बन हिंडले असेल, तर बसायला बाक असलेल्या जागाही सुचवाव्यात.