जुना डिझेल ट्रक सेल्फ खातो तेव्हा : अनुभव धागा

हा धागा सेल्फ (स्टार्टर मोटर) बराच वेळ मारल्याशिवाय न उठणाऱ्या, यांत्रिक डिझेल पंपाच्या जुन्या गाड्यांपुरता; पंप इनलाइन (प्रत्येक सिलेंडरला वेगळा प्लंजर) असो वा रोटरी (एकच फिरता रोटर सगळ्यांना डिझेल वाटतो). नुसतं ‘सुरू व्हायला त्रास होतो’ लिहून कुणालाच काही कळत नाही. इंजिन थंड असताना त्रास होतो की गरम असताना, सेल्फ जोरात फिरतो की रडत, आणि फिरताना सायलेन्सरमधून धूर येतो का, आला तर कोणत्या रंगाचा, हे पाहून मगच पाना हातात घ्या. जाणकारांनी आपापल्या कामातलं लिहावं.

वायरिंगचं काम करणारा

आधी सेल्फ. डिझेल इंजिन पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर, आणि सेल्फ सावकाश फिरला की ती उष्णता सिलेंडरच्या भिंतीच खातात. स्टॉप (डिझेल तोडणारी केबल) ओढून ठेवा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि सेल्फ मारत बॅटरीचे व्होल्ट मोजा. 12 व्होल्टच्या गाडीत बॅटरी 9.6च्या खाली, 24च्या गाडीत 19च्या आसपास गेली तर बॅटरी तरी खलास किंवा सेल्फ जादा करंट ओढतोय. सेल्फचे बुश (दांडा धरणाऱ्या कड्या) झिजले की आर्मेचर (फिरणारा भाग) बाहेरच्या स्थिर फील्ड कॉइलला घासतं, मग नवी बॅटरीही महिन्याभरात बदनाम होते.

बॅटरी ठीक असेल तर केबल तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच), दुसरी सेल्फच्या बोल्टवर. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधे कुठेतरी गंज आहे. निगेटिव्ह खुंटी ते सेल्फची बॉडी असंच मोजा, तिथे 0.3च्या वर नको. चेसिस ते इंजिनची अर्थिंग पट्टी सगळ्यात दुर्लक्षित.

एका वेळी सेल्फ 10-15 सेकंदच, मग दोन मिनिटं विश्रांती.

पंप-नोझलवाला

सेल्फ जोरात फिरतोय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलेंडरपर्यंत जातच नाही. आधी स्टॉप केबल पाहा. पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे येत नसेल तर बाकी सगळं शोधणं फुकट. केबलऐवजी सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) असेल तर चावी फिरवल्यावर ‘टक’ आवाज यायला हवा.

त्यानंतर एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा. जुन्या गाडीचा सकाळचा त्रास बहुतेक वेळा हाच असतो, आणि लोक मात्र पंप उतरवून बसतात. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) ही ओढणारी बाजू. तिथे फट असली तरी गाडी चालू असताना डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. म्हणून ‘कुठेच गळत नाही’ या बोलण्याला अर्थ नाही. रात्रभर त्याच फटीतून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल टाकीत परत उतरतं.

ओळखायची सोपी रीत: सकाळी सेल्फला हात लावण्याआधी हँड प्रायमर (डिझेल हाताने भरायचा छोटा पंप) घट्ट होईपर्यंत मारा. मग गाडी पटकन उठली तर कॉम्प्रेशन, टायमिंग वगैरेंच्या मागे लागू नका, डिझेल मागे उतरतंय. प्रायमर कितीही मारला तरी घट्टच होत नसेल तर फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली कचरा असतो. जागा शोधायला फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा बसवा आणि बुडबुडे पाहा. तरी शंका असेल तर पाच लिटरचा स्वच्छ कॅन फीड पंपापेक्षा उंच बांधा, नळी थेट त्यातून घ्या, रिटर्नही त्यातच सोडा. दुसऱ्या सकाळी गाडी नीट उठली तर दोष टाकीच्या आतल्या नळीपासून फीड पंपापर्यंत. बॅंजो बोल्टचे (पाइप जोडणारे आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवेच टाका.

एअर काढायचा क्रम: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी दोन नोझलचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ. फवाऱ्यापुढे हात धरून कधीच पाहू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

इंजिन बांधणारा

वरच्याशी सहमत, पण पांढरा धूर आला की गणित बदलतं. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल जातंय, पेटत नाही. हीटर प्लग (थंड इंजिनात सिलेंडर तापवणारे) असतील तर त्यांना जोडणारी पट्टी काढून एकेक मोजा, पट्टीसकट मोजलंत तर मेलेला प्लग सापडत नाही. चांगला प्लग थंड असताना एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. थेट इंजेक्शनच्या (डिझेल सरळ पिस्टनवर फवारणाऱ्या) अनेक इंजिनांना प्लगच नसतात, तिथे शोधू नका.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या भागातली फट (गॅप). व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत गेला की गॅप कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि दाब सुटतो. फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) अर्ध्या तासाचं काम, ते करूनच कॉम्प्रेशन मोजा. गेज डिझेलचाच हवा, पेट्रोलचा फुटेल. साधारण 25 ते 30 बार मिळायला हवेत. 20च्या खाली थंडीत आशा नाही. एखादाच सिलेंडर इतरांपेक्षा फार खाली असेल तर तोही दोषच.

इथरचा (स्टार्टिंग स्प्रे) फवारा हीटर प्लग किंवा इनटेक हीटरच्या गाडीत मारू नका. अवेळी पेटून पिस्टनच्या रिंगा तुटतात.

पंप-नोझलवाला (पुन्हा)

गरम गाडीचं राहिलं. सकाळी एका झटक्यात उठते, पण लांबच्या फेरीनंतर वीस मिनिटं थांबली की सेल्फ खाते, आणि पंप रोटरी आहे. अशा वेळी पंपावर ओला फडका गुंडाळून पंप निववा. एकदम गार पाणी ओतू नका, पंप जाम होऊ शकतो. निवल्यावर सुरू झाली तर पंपातले हेड-रोटर (डिझेल वाटणारा रोटर आणि त्याचं घर) झिजलेत: गरम डिझेल पातळ होऊन फटीतून सुटतं आणि सेल्फच्या गतीला दाब बनत नाही. एवढ्या एकाच लक्षणावर पंप उतरवायला माझी हरकत नाही.