एकटा हीरो वीस जणांना लोळवतो, हे तुम्हाला पटतं का?

तालमीतला (लोहा, जि. नांदेड)

परवा पुतण्याबरोबर पिक्चर बघत होतो. हीरो एकटा, समोर पंचवीस जण, आणि शेवटी हीरोच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही. पुतण्या सातवीत आहे. म्हणाला, "काका, तुम्ही तर पैलवान होतात. एका वेळी किती जणांना हाणलं असतं?" मी खरं ते सांगितलं. एकाला. तेही तो माझ्या वजनाचा असला तर. पोरगं गप्पच झालं.

सात वर्षं लाल माती अंगाला लावली मी. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत दोनदा उतरलो. सलामी झडली, खडाखडी (एकमेकांची मान-हात धरून ताकद आजमावणं) सुरू झाली की मिनिटभरात छाती भरून येते. समोरच्याच्या मानेवर टाकलेला हात थोड्या वेळानं दगडासारखा जड होतो. एकदा निकाली कुस्ती मारून बाहेर आलो, तर लोक खांद्यावर घेत होते आणि मला पाण्याचा घोट गिळता येत नव्हता. हे अंगावर काढल्यावर पडद्यावरची मारामारी बघताना दुसरा गडी पडला की माझं मन उडतं. तुम्हाला कोणती मारामारी खरी वाटली? आणि कामून?

सांधेदुखी (लातूर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचा अनुभव अगदी बरोबर आहे. पूर्ण जोर लावला तर स्नायूंतली झटपट ताकद दहाएक सेकंदांत संपत येते, पुढं हळूहळू सगळं श्वासावर येतं. म्हणून तर बॉक्सिंगमध्ये 3 मिनिटांच्या फेरीनंतर 1 मिनिट बसायला देतात.

मला जास्त खटकते ती मूठ. ग्लोव्हज न घालता मुठीनं कवटीवर ठोसा मारला की करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडू शकतं. असे हात माझ्याकडे येतात, बहुतेक भिंतीवर राग काढणाऱ्या पोरांचे. पुढे कित्येक आठवडे साधा डबा उघडताना कळ येते. आणि डोक्यात दांडा बसून तासभर बेशुद्ध पडलेला माणूस उठून पळत नाही हो, त्याला तातडीनं दवाखान्यात न्यावं लागतं. मुलं हे बघून खेळात डोक्यात मारतात, याची मला खरंच भीती वाटते.

कॅमेऱ्यामागचा (छत्रपती संभाजीनगर)

दम लागलेला का दिसत नाही, तर पडद्यावरची चार मिनिटं कित्येक दिवस शूट होतात. दर कटनंतर हीरो खुर्चीत बसतो, घाम पुसून घेतो. सेकंदाला 24 ऐवजी 20-22 चौकटींनी (फ्रेमनी) चित्रण केलं आणि नेहमीच्या वेगानं दाखवलं की हात आपोआप वेगवान दिसतो. माणूस उडतो तो तारेवर. गुंड एकेक करून येतात, कारण सगळे एकदम आले तर कॅमेऱ्याला हीरोच दिसणार नाही.

मला पटलेली म्हणाल तर कोरियन 'ओल्डबॉय' (2003). लांब बोळ, कॅमेरा बाजूनं सरकतो, मध्ये कट नाही. हीरोच्या पाठीत सुरा रुतलेला, तो पडतो, उठतो, आणि मारणारेसुद्धा धापा टाकत उभे राहतात.

बीडकर

सगळ्यांचं खरं असेल, पण माझं ऐका. माझे आई-वडील ऊसतोड कामगार. उचल (आगाऊ पैसे) घेतली की सहा महिने टोळीचा मुकादम म्हणेल ते. त्याच्यापुढं वडिलांनी कधी मान वर केली नाही. कारखान्याचा हंगाम संपल्यावर जत्रेत तंबूत पिक्चर बघायला न्यायचे. हीरोनं सावकाराच्या माणसांना धुतलं की हा माणूस उभा राहून शिट्टी मारायचा. घरी आम्ही त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नाही. त्या हीरोला दम लागलेला त्यांना नको होता. धापा टाकणारा माणूस ते रोज उसाच्या फडात बघत होते.

तालमीतला (लोहा, जि. नांदेड)

बीडकर, तुमचं वाचून फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ बसून राहिलो. मी फक्त कुस्तीच्या हौद्यातून बघत होतो. तंबूत कोण बसलंय, हे कधी मनात आलं नव्हतं.

तरी एक गोष्ट सोडवत नाही. भीमाची ताकद कीर्तनात आपण सगळेच मान्य करतो. पण जरासंधाशी तो दिवसच्या दिवस झुंजतो, फाडून टाकलेला जरासंध पुन्हा जुळून उभा राहतो, भीमाला सुचेनासं होतं. मग कृष्ण काडी चिरून उलट्या बाजूंना टाकून दाखवतो. तिथं आख्खा मंडप श्वास धरून बसतो. भीम जिंकणार हे पोराटोरांना ठाऊक असतं, तरी. हीरोनं पंचवीस काय, पन्नास मारावेत. मधे एकदा त्याला सुचेनासं झालेलं मला दिसू दे, बस्स.

काल पुतण्याला जरासंधाचीच गोष्ट सांगितली. त्यानं दोनदा सांगायला लावली.

तो तंबू कुठल्या जत्रेतला?

बीडकर

येरमाळ्याच्या. येडेश्वरी देवीची, चैत्री पौर्णिमेला. वडील आता नाहीत.