मदत हवी आहे : २८ टनांचा प्रेस फ्लॅट रॅकवर पाठवावा की रो-रो जहाजाने?

आम्हाला एक वापरलेला हायड्रॉलिक प्रेस समुद्रमार्गे परदेशी पाठवायचा आहे. वजन २८ टन, लांबी ४.२ मीटर, रुंदी २.९ मीटर, उंची ३.१ मीटर; त्यामुळे रुंदीच्या कारणानेच तो ओपन टॉप (वरून उघड्या) कंटेनरमध्ये बसत नाही. सिलिंडर आणि कंट्रोल पॅनेल काढून, तेल उपसून, उघड्या पृष्ठभागांना गंजरोधक लावले आहे. मात्र मुख्य सांगाडा एकसंध ओतीव असल्याने आणखी सुटा होत नाही आणि आडवाही ठेवता येत नाही.

फॉरवर्डरने (मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या एजंटाने) ४० फुटी फ्लॅट रॅक, म्हणजे बाजूच्या भिंती व छप्पर नसलेला कंटेनर, सुचवला आहे. एकूण भारक्षमतेत वजन बसते, हे मान्य. परंतु सगळा भार पायाच्या जेमतेम २ मीटर लांबीवर येतो, असे दाखवून दिल्यावर ‘खाली लाकडी ठोकळे घालू’ एवढेच उत्तर मिळाले. (ठोकळ्यांवर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का असेल, याची खात्री केली आहे, पण तो शिक्का किडीसाठी असतो, ताकदीसाठी नव्हे.) माफी ट्रेलरवरून (बंदरात जड माल ओढून नेण्याच्या बुटक्या ट्रेलरवरून) रो-रोने, म्हणजे माल चाकांवरूनच आत-बाहेर नेणाऱ्या जहाजाने, पाठवण्याची सोय दोन्ही बंदरांत आहे आणि आम्हाला घाई नाही.

फ्लॅट रॅकवर भार पसरवण्यासाठी पोलादी तुळयांची लांबी कोणत्या हिशेबाने ठरवतात, तो हिशेब शिपिंग लाइनकडून लेखी मागता येतो का, आणि गुरुत्वमध्य १.९ मीटर उंचीवर असताना आपण कोणता मार्ग निवडला असता?