मदत हवी आहे : बाबांचा सीआरपी वाढलाय, जेवणात काय बदलू?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. बाबा 58 वर्षांचे. गेल्या महिन्यातल्या तपासणीत एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) 6.2 आणि एचएस-सीआरपी (सीआरपीचीच बारीक तपासणी, शरीरातला दाह म्हणजे आतली सूज दाखवते) 4.2 आला. सर्दी-ताप काही नव्हतं. पंधरा दिवसांनी पुन्हा केली, तरी 4 च्या वरच. डॉक्टर म्हणाले, शरीरात मंद दाह सतत चालू आहे. सीआरपी 3 च्या वर राहिला तर हृदयविकाराचा धोका जास्त समजतात आणि 6.2 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. पोटाचा घेर कमी करा, जेवण बदला, एवढंच सांगितलं.

बाबांचं खाणं असं: सकाळी मैद्याचे उंडे (गोल पाव) नि पातळभाजी, दुपारी हुमण (माशांची आमटी) नि डोंगरभर भात, चारला गोड चहाबरोबर भजी, रात्रीचं जेवण दुकान बंद करून साडेदहाला. मासे रोज, पण रव्यात तळलेलेच. बांगडा-तारल्यांत ओमेगा-3 असतं, ते दाह कमी करायला मदत करतं हे वाचलंय. म्हणून बांगड्यांची उडदामेथी (उडीद-मेथीची आमटी) वाढवावी आणि तळण थांबवावं असं मला वाटतं.

अडतंय ते भातावर. उकडा तांदूळ चालेल का, की प्रमाणच निम्मं करावं? पदेराकडची (पाववाल्याकडची) कोंड्याची पोई (चपटा पाव) उंड्यांपेक्षा खरंच बरी का? सकाळी बिनगुळाचं नाचणीचं तिझान (पेज) कुणी सुरू केलंय का? आणि दुकानदार माणसाला आठला जेवायला कसं बसवलंत?

ज्यांच्या घरी आकडे खाली आले त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आईला फार काळजी लागलीय.