आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरतंय (टोटल हिप रिप्लेसमेंट) - तयारी कशी करू, नंतर कुठे ठेवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून लिहितेय.

आई 62 वर्षांची, वाईजवळच्या एका गावात बाबांबरोबर राहते, मी पुण्यात. 2021 ला तिला कोविड झाला होता, ऑक्सिजनवर होती, स्टिरॉइड बरेच दिवस चालली, त्यामुळे जीव वाचला हे खरंच आहे. मग साधारण दीड-दोन वर्षांनी उजवा गुडघा दुखतो म्हणायला लागली. गावाकडे गुडघ्याचाच एक्सरे काढला, गुडघ्याच्याच गोळ्या, गुडघ्यालाच शेक, तेल, पट्टा, असं वर्षभर चाललं. कुणीच खुब्याकडे बघितलं नाही, मीही नाही, आणि ती जांघेत कळ येते म्हणून सांगत होती तेव्हा मी ते सायटिका असेल म्हणून सोडून दिलं याचं आता फार वाईट वाटतं. गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा बघितलं, रिक्षात बसताना ती उजवा पाय आपोआप उचलूच शकत नव्हती, गुडघ्यापाशी साडी मुठीत धरून निऱ्यांसकट पाय हाताने उचलून आत ठेवत होती, आणि ते इतक्या सवयीने की कितीतरी महिने असंच चाललं असणार.

पुण्यात आणून एमआरआय केला. एव्हीएन निघालं, म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरत जातं आणि मग गोळा खचतो. उजवा चौथ्या स्टेजला, गोळा चपटा झालाय आणि तो जिच्यात फिरतो ती वाटीही झिजलीय. डावा दुसऱ्या स्टेजला, अजून खचलेला नाही. डॉक्टर म्हणाले इतक्या स्टिरॉइडनंतर हे होऊ शकतं, उजव्याला आता रिप्लेसमेंटच, डाव्याचं नंतर बघू. अनसिमेंटेड (म्हणजे हाडात सिमेंट न वापरता बसवायचा), सिरॅमिक गोळा आणि पॉलीची म्हणजे खास प्लास्टिकची वाटी, 3 लाख 20 हजारांचं पॅकेज सांगितलंय. चीर मागच्या बाजूने देणार आहेत. ओपीडीत इतकी गर्दी होती की विचारायचं अर्धं राहूनच गेलं.

माझे प्रश्न:

डाव्याला आत्ताच काही केलं तर वाचेल का, की तोही बदलावाच लागेल?

शुगर आहे, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 8.9 आलंय. तारीख पुढे ढकलावी लागेल का?

सगळ्यात मोठा प्रश्न नंतर कुठे ठेवायचं. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पण कमोड आहे आणि दवाखाना जवळ. गावचं घर तळमजल्याचं पण संडास मागच्या अंगणात, देशी पद्धतीचा, आणि न्हाणीला दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. तिला गावीच जायचंय.

आणि एक. बाहेर आल्यावर तिने डॉक्टरांबद्दल, खर्चाबद्दल काही विचारलं नाही, "परत मांडी घालून बसता येईल का गं?" एवढंच विचारलं. ती आजही भाकऱ्या चुलीपुढे पाटावर बसून करते, म्हणजे करायची, आता उभ्याने ओट्यावर करते एका पायावर भार देऊन. मला काय उत्तर द्यावं कळलं नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांनी खरं खरं सांगा.

---

कोयनाकाठ: ताई, माझ्या वडिलांचं 2019 ला झालं, पडून खुबा मोडला होता. त्यामुळे अनुभवाचं सांगतो. पहिलं म्हणजे घाबरू नका, ऑपरेशन तास-दीड तासाचं असतं, कमरेखाली भूल देतात बऱ्याचदा, आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. आम्हाला वाटलं होतं महिनाभर झोपून राहायचं, तसं काही नसतं. उलट झोपवून ठेवलं की पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या महिनाभर दिल्या होत्या, त्या एकही दिवस चुकवू नका. पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा एकदम दम लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, जखमेतून पाणी यायला लागलं किंवा ताप आला तरी तेच.

दुसऱ्या मजल्याचं म्हणाल तर जिना जमतो. आम्हाला फिजिओने एकच वाक्य पाठ करून दिलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एकदा वर गेल्यावर मात्र पहिले तीन-चार आठवडे फक्त तपासणीलाच खाली उतरायचं असं ठरवा.

---

अश्विनी_फिजिओ: मी फिजिओथेरपिस्ट आहे, खुब्याचे पेशंट रोज बघते. तुमच्या आईला बघितलेलं नाही त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

गुडघा दुखतो म्हणून येणारे कितीतरी पेशंट खुब्याचे निघतात, खुब्याची कळ मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका, हे भल्याभल्यांकडून सुटतं.

शुगरचं आधी. 8.9 वर बरेच सर्जन थांबायला सांगतात, साधारण 8 च्या खाली, काही जण साडेसातच्याही खाली आणायला सांगतात, कारण साखर जास्त असेल तर जखम भरत नाही आणि सांध्यात इन्फेक्शन गेलं की ते काढणं फार कठीण, कधी इम्प्लांटच, म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधाच, काढावा लागतो. महिना-दोन महिने गेले तरी चालतील, हे इमर्जन्सी ऑपरेशन नाही. त्याच काळात किडलेला दात, लघवीचं इन्फेक्शन, पायाच्या भेगा हे सगळं आधी निस्तरून घ्या. हिमोग्लोबिन बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारा, स्वतःहून बंद करू नका. आणि आई तंबाखू, मिश्री लावते का ते प्रामाणिकपणे सांगा. बायका हे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि घरचेही सांगत नाहीत, पण निकोटीनने जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतं.

चीर मागून असेल तर साधारण 6 ते 12 आठवडे तीन गोष्टी अजिबात नाहीत: कमरेतून 90 अंशांपेक्षा जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं, आणि पंजा आतल्या बाजूला वळवणं. या तिन्हीने गोळा वाटीतून निसटू शकतो. खाली पडलेली वस्तू उचलायला खाटेवरून वाकणं, हेच सगळ्यात जास्त वेळा होतं! म्हणून फोन, चष्मा, पाण्याचा तांब्या हाताच्या उंचीवर. झोपताना दोन पायांमध्ये उशी. खुर्चीची बैठक गुडघ्यापेक्षा थोडी उंच हवी, मऊ सोफा नको. कमोडवर उंची वाढवायची सीट मिळते, 4 ते 6 इंचाची, सर्जिकलच्या दुकानात. वॉकरची उंची हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेपाशी आली पाहिजे. पुढे काठी आली की ती ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात.

देशी संडास मात्र नाही. गावी न्यायचंच असेल तर तिथे आधी कमोड बसवा.

मांडीचं खरं सांगते. उकिडवं बसणं आणि जमिनीवर बसून उठणं बहुतेक सर्जन कायमचंच टाळायला सांगतात. साध्या मांडीबद्दल मतं वेगळी आहेत, गोळा मोठ्या व्यासाचा असेल, 36 मिलिमीटरचा वगैरे, आणि स्नायू चांगले झाले असतील तर काही सर्जन काही महिन्यांनी पलंगावर मांडी घालू देतात. तुमच्याच सर्जनला ऑपरेशनच्या आधी हा प्रश्न सरळ विचारा, गोळा केवढा टाकणार तेही विचारा. आईला कुणी खोटं आश्वासन देऊ नका, नंतर ती लपून बसून बघेल.

---

जुना_पेशंट: मी स्वतः दोन्ही खुबे बदललेला माणूस, वय 54, माझंही एव्हीएनच. डाव्याबद्दल लवकर विचारा. गोळा खचायच्या आधी हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात, कोअर डीकंप्रेशन म्हणतात, माझा डावा त्याने साधारण चार वर्षं टिकला, मग बदललाच. सगळ्यांचा टिकतो असं नाही, पण ते करायची वेळ निघून गेली की पर्यायच उरत नाही, त्यामुळे "नंतर बघू" वर सोडू नका.

किती वर्षं टिकतो हे सगळे विचारतात. 2019 ला लॅन्सेटमध्ये मोठा अभ्यास आला होता, त्यात 25 वर्षांनी साधारण 58 टक्के खुबे टिकलेले होते. आईच्या वयाला ते पुष्कळ आहे.

पैशाचं: इन्शुरन्स असेल तर सांधेबदलाला दोन-तीन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो संपलाय का बघा. रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, तुमच्या आईच्या केसमध्ये काय बसतं ते तोच नीट सांगेल. आणि 2017 ला सरकारने किमती बांधल्या त्या गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, लोक खुब्यालाही तेच धरून चालतात. म्हणून पॅकेजमध्ये इम्प्लांट, फिजिओ, वॉकर, रक्त काय काय धरलंय ते लेखी घ्या, आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचे कंपनी आणि नंबराचे स्टिकर फाइलमध्ये लावून मागा.

गाडीतून घरी नेताना पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, थोडी आडवी करा, वर प्लास्टिकची पिशवी टाका. आधी बूड टेकायचं, मग पिशवीवर घसरत दोन्ही पाय एकदम आत.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनदा वाचलं.

आज सर्जनना परत भेटून आले. तारीख दीड महिना पुढे ढकलली, शुगर आणि एका दातासाठी. डाव्याचं विचारलं, ते म्हणाले उजव्याच्याच भुलीत डाव्याचं डीकंप्रेशन करता येईल का ते नवीन एमआरआय बघून ठरवू. मिश्रीचंही सांगितलं. आई माझ्या शेजारीच बसली होती, मान खाली घातली आणि म्हणाली तीस वर्षं लावतेय. डॉक्टर रागावले नाहीत, आजपासून बंद करा म्हणाले, घरी येऊन तिने डबी माझ्या हातात दिली.

पहिले सहा आठवडे पुण्यातच ठेवणार. बाबा गावी गवंड्याला बोलावून न्हाणीच्या शेजारी कमोड आणि भिंतीला धरायला दांडा बसवून घेतायत, पायऱ्यांचा उतार करतायत. चुलीचं काय करायचं ते त्यांनीच सुचवलं, चूल ओट्याएवढी उंच बांधायची आणि पुढे उंच स्टूल. त्यांनी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली परातीसाठी जागा ठेवा उजव्या हाताला.

अश्विनीताई, एक विचारायचं राहिलं. ऑपरेशनच्या आधीच्या या दीड महिन्यात घरी कोणते व्यायाम करून घेऊ? उजव्यावर भार देताना तिला कळ येते, तर झोपून करायचे सांगाल का, आणि दिवसातून किती वेळा?